आडातला वास

सायखेड्यात गोरक्षमामाच्या घरामागचा आड कित्येक वर्षं फरशीखाली बंद होता. तो उघडायला लावला भाचीनेच. निकिता नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती आणि तिला तळाचा काळा गाळ हवा होता. त्या गाळात लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं. हवा नसेल तर ते जिथल्या तिथे पडून राहतं, असं ती धरून चालली होती. पण आड उघडल्यावर आधी बादलीने काढलेला थोडा गाळ तिने बंद बाटलीत ठेवला, तर जंतूंनी हवेवाचूनच खनिज कुरतडलं. बूच काढताच सडक्या अंड्यांचा भपकारा आला. आता आणखी डबाभर गाळ आणायला मामा स्वतः उतरायला निघाला. वायू विषारी आहे, असं तिने सांगितलं तर तो हसला.

"आमच्या बापजाद्यांनी आड उपसलेत, पोरी. कंदील सोडायचा. विझला नाय तर उतरायचं."

कंदील तळाशी मजेत जळत होता. भाचीने तोंड फुगवलं म्हणून मामाने कमरेला दोर तेवढा बांधला. वर मामाचा मुलगा संतोष आणि कुसामामी दोर धरून उभे राहिले. तळाशी उतरून मामाने पायाने गाळ ढवळला, तसे बुडबुडे उठले.

"लय वास मारतोय!" खालून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "गेला वास. मोकळं झालं!"

निकिता दोराकडे धावली. हा वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो, आणि कंदिलाला त्याचा पत्ताही लागत नाही.

"ओढा! आत्ताच्या आत्ता ओढा!"

"अगं, वास गेला म्हणतात ना बाबा," संतोष म्हणाला. तेवढ्यात खाली धप्पकन आवाज झाला. संतोषने दोर सोडला आणि आत उतरायला काठावर पाय टाकला. निकिताने त्याला मिठी घालून अडवलं. एकट्या मामीच्या हातातून दोर सरकत होता.

"दोर धर, मेल्या!" मामी किंचाळली.

तिघांनी मामाला वर ओढलं. ओठ निळे पडले होते. ओसरीपर्यंत न्यायची ताकद कुणात नव्हती, म्हणून आडाशेजारीच टेकवलं. डबाभर गाळासाठी मी मामाला मारलं, एवढंच निकिताच्या डोक्यात घुमत होतं. मग मामा खोकला. मामी रडत रडत घरात धावली, बुक्कीने कांदा फोडून आणला आणि त्याच्या नाकाशी धरला.

"येतोय का वास?"

त्याने मान हलवली. नाही.

मामीने कांदा स्वतःच्या नाकाशी नेला. पुन्हा नेला. "मलाबी नाय येत गं. आत्ता तर फोडला."

निकिताने तिच्या हातातला कांदा हुंगला. तिलाही काहीच वास आला नाही.

"उठा!" ती ओरडली. "मामाला धरा, आडापासून लांब चला!"