उजव्या बुटावर जरा जास्त

अरे, योगिनीचं ऐकलंत का? खंडेनवमीच्या संध्याकाळी तिचा पहिला सोलो होता! सहा वर्षं बॅले कंपनीत मागच्या रांगेत काढली पोरीनं, आणि नाच बसवणाऱ्या शिवराज सरांनी साफ सांगितलेलं, "आज पडलीस तर उद्यापासून तुझ्या जागी प्राजक्ता."

आबिड्सचं थिएटर, पडदा उघडायला वीस मिनिटं. हिनं पिशवीतून बूट काढले, टोकांना बोटं लावली, तर काय! उजव्याचं टोक मऊ! शिऱ्यासारखं लिबलिबीत. वर हळदकुंकवाचे ओले डाग.

त्या बुटांत लोखंड-बिखंड काही नसतं हो. कापड, कागद आणि खळ. त्याच्याच जिवावर अख्खं अंग अंगठ्याच्या टोकावर पेलायचं. पाणी लागलं की खलास.

आई तिसऱ्या रांगेत येऊन बसलेली. हिनं फोन लावला. "आई, माझ्या बुटांना काय केलंस?"

"पूजा केली गं! बाबांच्या पाना-पक्कडीशेजारी मांडले. आधी वाटलं, पायातलं देवापुढं कसं ठेवायचं? मग म्हटलं, माझ्या पोरीचं हत्यारच आहे ते. फुलानं पाणी शिंपडलं. उजव्यावर जरा जास्तच, शुभ असतं ना."

सहा वर्षं 'नाच-बिच पुरे आता' म्हणणारी आई ही! योगिनीला ओरडताच येईना. "बरं केलंस," एवढंच म्हणाली. फोन ठेवला आणि रिबिनी बांधायला घेतल्या. दुसरा जोड तारनाक्याला, घरी. आणि नाचात बारा गिरक्या, सगळ्या उजव्या पायावर!

"काय गं, तोंड पांढरं का पडलं?" प्राजक्ता आली. बुटाचं टोक दाबून बघितलं. "अय्यो! नक्को गं, पाय मोडेल. सरांना सांगू? मी जाते स्टेजवर."

"नको!"

"मग डाव्यावर फीर."

"डाव्यावर मी सहाच्या पुढं कधी गेलेच नाहीये!"

"हौ, तर सहा फीर. सातवीला विंगेत मी आहेच."

घंटा झाली. स्टेजवर गेली. उजवा पाय टेकला की बूट आत दबायचा, चिखलात रुतल्यासारखा. गिरक्या आल्या. डावा पाय रोवला. एक, दोन... सहा. सातवीला घोटा लटपटला. विंगेत प्राजक्ता, तिच्या शेजारी सर. आठ. आता पडते, आता पडते. नऊ, दहा, अकरा... बारावी अर्धीच झाली, धप्पकन दोन्ही पायांवर उतरली. पण उभी!

टाळ्या. विंगेत आली तर सर समोर. "उलटी का फिरलीस?"

"बूट ओला होता, सर."

"कशानं?"

तिनं मान खाली घातली. "घामानं."

सरांची नजर बुटावरच्या हळदकुंकवाच्या डागांवर गेली. मग म्हणाले, "उद्याचा शोही तुझाच."

तेवढ्यात आई धावत आत आली, डोळे भरलेले. "बघितलंस पूजेचा गुण? उद्या दसरा. उद्या दोन्हींवर सारखं शिंपडते!"

योगिनीनं दोन्ही बूट छातीशी गच्च धरले.