आधी बघायचं

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना आहे, पण झिजलेलो नाही. झिजायला वापर लागतो. माझी भिंगं बसवणाऱ्या कारागिराने मला खिडकीकडे वळवून डोळा लावला होता आणि म्हणाला होता, "झकास! पोरं खूश होतील." त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली. कारण शाळेत माझ्या वाट्याला पोरं आलीच नाहीत. तपासणी असली की शिपाईमामा मला पुसून टेबलावर मांडत. साहेब "वा, छान ठेवलंय" म्हणत आणि मी पुन्हा कपाटात जाई. मुलं पेशींच्या आकृत्या पुस्तकात बघून काढत. अगदी सुबक काढत.

मग नव्या बाई आल्या. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, एका वर्षाच्या कच्च्या नेमणुकीवर. त्यांनी आल्या आल्या कपाटाची किल्ली मागितली.

"बाई, फुटलं-बिटलं तर माझ्या अंगावर येईल," शिपाईमामा म्हणाले.

"माझ्यावर ढकला, मामा. पण किल्ली द्या."

बाईंनी कांद्याचा पापुद्रा सोलला, काचपट्टीवर पसरून आयोडीनचा थेंब सोडला, माझा आरसा उजेडाकडे फिरवला. मुलांना म्हणाल्या, "पुस्तकं बंद. जे दिसेल तेच काढायचं."

वर्गात एक मुलगी होती. तिचा हात सदा वर, म्हणून सगळे तिला 'शंका' म्हणत. तिने डोळा लावला आणि काढेचना.

"ए शंका, तिथेच राहायला गेलीस का?" मागून कुणीतरी ढोसलं.

"बाई, भिंत! आत विटांची भिंत आहे!"

बाई हसल्या, तिच्या डोक्याला डोकं लावून स्वतःही बघायला लागल्या. मित्रांनो, मी त्याच दिवसासाठी घडलो होतो.

वर्ग मोठा, तास छोटा. दुसरी काचपट्टी बाईंनी घाईत केली. वरची पातळ काच तिरकी टेकवून हळूच सोडायची असते; त्यांनी ती सपाट ठेवली आणि आत हवा अडकली. विटांमध्ये जाड काळ्या कडेचे गोल दिसू लागले. "हे हवेचे बुडबुडे. उद्या नीट करू," बाई म्हणाल्या. पण उद्या पुढचा धडा होता.

परीक्षेत कांद्याची पेशीच आली. शंकाने जे पाहिलं होतं तेच काढलं: वेड्यावाकड्या विटा, आणि एका काळ्या गोलाला बाण करून 'हवेचा बुडबुडा'. पेपर विज्ञानाच्या जुन्या, थोरल्या बाईंनी तपासला. पुस्तकासारखी आकृती नाही, म्हणून शून्य.

मुख्याध्यापकांनी नव्या बाईंना माझ्यासमोरच गाठलं. "त्या शून्यवाल्या मुलीचे वडील सकाळपासून बसलेत बाहेर."

"सर, तिने खरं तेच काढलंय."

"असेल हो. पण पेपर पुस्तकाशी ताडून तपासतात. तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

बाई माझ्या नळीवर हात ठेवून उभ्या होत्या. सर गेल्यावर थोरल्या बाई जवळ आल्या. "मनाला लावून घेऊ नकोस गं. मीही आले तेव्हा अशीच होते." त्यांनीच मला उचलून कपाटात ठेवलं. कुठे पकडायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

नव्या बाई कायम झाल्या. कपाटाची किल्ली आता त्यांच्याच खणात असते. यंदा कपाटाच्या फटीतून मी त्यांचा आवाज ऐकला: "पुस्तकातली आकृती काढा. सुबक."

"बाई, आधी बघायचं ना?" शंकाने विचारलं.

"वेळ नाही गं आत्ता."

त्यानंतर तिचा आवाज मी फारसा ऐकलेला नाही.

बंद कपाटात माझ्या भिंगांवर बुरशी धरली आहे. तिचे धागे बघण्यासारखे आहेत, पण त्यासाठी दुसरा सूक्ष्मदर्शक लागेल.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही असं एखादं कपाट असेल. ते उघडायला सांगा. नाही म्हटलं तरी पुन्हा सांगा, कारण नव्या बाईंना एकटीने किल्ली मागत राहणं फार काळ जमत नाही. आणि नाही म्हणताना तुमच्या बाई कपाटाकडे बघतात का, तेवढं पाहा. बघत असतील, तर अजून वेळ गेलेली नाही.

माझ्या बाई बघत नाहीत.