रानकांद्याला पाणी नको

मित्रांनो, माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो. मी एक जुना रानकांदा. जन्म कोयनेच्या वरच्या कातळावरचा, दगडाच्या भेगेत साचलेल्या मूठभर मातीतला. पावसाळ्यात चार पानं काढायची आणि उरलेलं वर्ष मातीखाली कोरडं पडून राहायचं, एवढाच माझा संसार. वणवे गेले, भूकंपाचे धक्के बसले, मी जागचा हललो नाही. चवीला असा कडू, की शेळीसुद्धा तोंड लावायची नाही. त्याचा मला भारी तोरा होता!

यंदा उन्हाळ्यात तिथं गाड्या लावायला जागा करायची ठरली. मुकादम मानसिंग बघायला आला, तेव्हा आमचं एकही पान वर नव्हतं. "हितं काय हाय? नुसता दगुड," म्हणाला आणि मशीन लावलं. माझे सगळे सोबती चिरडले. शेळ्या राखणाऱ्या बयाबाईनं मला एकट्याला ढिगाऱ्यातून उचललं, पदरात बांधून घरी आणलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं.

दुसऱ्याच दिवशी तिला लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. निघताना सुनेला, पूजाला, एवढंच म्हणाली, "सांभाळ गं ह्याला."

पूजा सांगलीकडच्या उसाच्या गावातली. तिच्या माहेरी कोमेजलं की पाणी पाजायचं, एवढंच औषध. पोर मायाळू आहे हो! सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालते. डब्याला खाली भोकही नाही. माझे बाहेरचे दोन पापुद्रे कुजून चिखल झालेत, मुळं सुटलीत. भर उन्हाळ्यात मला पान कसं फुटणार? पण पान दिसत नाही म्हणून ती घाबरते.

काल नवऱ्याला म्हणाली, "आवं, आत्यांनी इश्वासानं दिलाय. मेला तर काय तोंड दाखवू?"

"मग दुपारचं बी घालत जा की," शिवतेज म्हणाला.

अरे देवा! मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणाला सांभाळायला घ्याल तर तो कुठला, त्याला काय सोसतं, हे आधी विचारा. एवढं कुणीतरी जाऊन तिला सांगा. मला अजून जगायचंय!

दार वाजलं. पूजा आली. भर दुपार आहे, तिच्या हातात तांब्या आहे.

"लय तान लागली आसंल न्हवं?" ती विचारते आहे.

नाही गं बाई, नाही! मित्रांनो, धरा रे कुणीतरी तिचा हात!