मामाला पोट नव्हतं

माझा धाकटा भाऊ लोकांना उलटं टांगण्याचा पगार घेतो, असं मी शाळेतल्या सगळ्या बायांना ऐटीत सांगायचे. तो रोलर कोस्टर बनवणाऱ्या कारखान्यात डिझायनर आहे. वळण किती तिरकं घ्यायचं, माणूस सीटवरून नेमका कुठे अधांतरी उचलला जायचा, कुठे त्याची बोबडी वळायची, हे सगळं तो कॉम्प्युटरसमोर चहा पीत ठरवतो. स्वतः मात्र साध्या पाळण्यात बसला तरी पांढराफटक पडतो. आई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. आनंदमेळ्यात न्यायचे तेव्हा मला वेगाची हौस आणि त्याला उलटीची. मी एका हाताने दांडा धरायचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडासमोर पिशवी.

मी शाळेची बस चालवते. बसमध्ये पोरं असली की वेगाचा काटा खालीच ठेवावा लागतो, आणि माझी सगळी हौस पायाखाली ब्रेकपाशी दाबून ठेवावी लागते. त्यामुळे भावाने शब्द दिला होता. त्याचं स्वतःचं पहिलं डिझाइन उभं राहिलं की पहिल्या फेरीत, पहिल्या डब्यात, अगदी पुढची जागा माझी.

तो नुसता लाडाने दिलेला शब्द नव्हता. त्यांच्या कारखान्याची रीतच तशी आहे. आत्ताच्या मालकांचे वडील लाकडी घोड्यांची चक्रं बनवायचे, आणि पहिल्या घोड्यावर त्यांनी स्वतःच्या आईला बसवलं होतं. जिथे आपलं माणूस बसवणार नाही ते विकायचं नाही, असं म्हणे ते म्हणायचे. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या हाती चाव्या देण्याआधी 'घरची फेरी' होते. ज्यांनी काम केलं त्यांची माणसं बसतात, आणि पुढची जागा डिझायनरच्या माणसाची. ती जागा रिकामी जाऊ देत नाहीत. भावाने लग्न केलं नाही, मी केलं ते टिकलं नाही. त्यामुळे त्याचं घरचं माणूस म्हणजे मीच.

फेरीच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी त्याने मला कारखाना दाखवला. सगळीकडे सामसूम, फाटकावर फक्त पहारेकरी. रंग न दिलेले रूळ अजगरांसारखे पडलेले. त्याचा शोध म्हणजे सीट. जुन्या गाड्यांमध्ये खांद्यांवरून जाड पट्टे येऊन माणसाला जखडायचे, मान अडकायची, कान शेकायचे. याच्या सीटला वर काहीच नाही. मांड्यांवर एक आडवा दांडा येतो, शेवटचा खटका बसला की समोर हिरवा दिवा लागतो आणि गाडी सुटायला मोकळी. एक जरी दिवा लाल राहिला तरी गाडी जागची हलत नाही. "माणसाला वाटलं पाहिजे की आपल्याला कुणी धरलेलंच नाही," तो म्हणाला. "कुठलंही माणूस असो, दांडा आपला आपण त्याच्या मापाला येऊन थांबतो." एका मासिकात त्याचा फोटोही आला होता, सीटशेजारी. मी तो बसमध्ये आरशाखाली चिकटवला होता.

तिथेच मला मामा भेटला. चाचणीला माणसांऐवजी प्लास्टिकच्या बाहुल्या बसवतात, डोकं आणि धड आणि मांड्या, माणसाएवढ्या. त्यातल्या सगळ्यात जड बाहुलीचं नाव मामा. कुणीतरी त्याला टोपी घातली होती. मी त्याला उचलायला गेले तर जागचा हलेना.

"शिसं भरलंय," भाऊ कौतुकाने म्हणाला. "आपल्या सगळ्यात जाड प्रवाशापेक्षा हा जड आहे."

मी मामाच्या पोटावर थाप मारली. सपाट, कडक पोट. "मामा, एवढं खातोस ते ठेवतोस कुठे रे?" मी विचारलं. भाऊ खो खो हसला. मीही हसले. दोघंही शहाणे, नुसते हसलो आणि पुढे गेलो.

घरच्या फेरीला मी नवीन ड्रेस शिवला होता. कारखान्याच्याच आवारात गाडी उभी केली होती. वर चढायला लोखंडी जिना, आणि वर फलाटावर ही गर्दी: कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाच्या मुली. बाजूला गिऱ्हाईक उभं होतं, म्हणजे ज्यांच्या करमणुकीच्या बागेत ही गाडी जाणार त्या कंपनीची तीन-चार माणसं, कडक इस्त्रीची. मालक खाली पाहुण्यांत अडकलेले. सकाळच्या चाचणीवरून उतरवलेला मामा खांबाशी ढकलगाडीवर बसून होता, टोपीसकट. मी त्याला डोळा मारला आणि पुढच्या जागेवर जाऊन बसले.

दांडे खाली आले. दिवे पटापट हिरवे होत गेले. माझा लालच.

फलाटावरची मुलगी हसत आली. "ताई, जरा मागे सरकून बसा हं." मी सरकले. तिने दांडा दाबला. लाल. "श्वास सोडा ताई." मी सोडला. लाल. मग तिने दुसऱ्या एकाला बोलावलं आणि दोघांनी मिळून दाबलं, बॅगेची चेन लागत नसली की गुडघा देऊन दाबतात तसं. दांडा मांडीपर्यंत पोचतच नव्हता, पोटावरच अडून बसला होता. मागून कुणाचीतरी लहान मुलगी म्हणाली, "का सुटत नाही गाडी?" आणि तिच्या आईने तिला गप्प केलं. त्या गप्प करण्याने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

भाऊ चार पावलांवर होता, हातात टॅब्लेट. इस्त्रीवाल्यांपैकी एकाने त्याला हळूच विचारलं, "या कोण?"

मला वाटलं, आता हा सांगेल. शाळेत पोरं याला ढब्या म्हणायची तेव्हा मी एकाचं दप्तर गटारात टाकून आले होते. तो ढब्या आता काठीसारखा झाला होता आणि ढब्बी मी झाले होते.

त्याने टॅब्लेटवरून डोळे वर केले नाहीत. "पाहुण्या आहेत," तो म्हणाला.

मी उतरले. उतरतानाही दांड्यात ड्रेस अडकला आणि तो सोडवायला त्या मुलीला वाकावं लागलं. पुढची जागा रिकामी न्यायची नाही म्हणून तिघांनी मामाला उचलून माझ्या जागी बसवलं. दांडा खाली आला, खट्. हिरवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी सुटली ती गोफणीतून सुटल्यासारखी, आणि मामाची टोपी पहिल्याच चढावर उडाली. मी जिना उतरत होते. वरून सगळ्यांच्या किंकाळ्या येत होत्या. किती वर्षं मी त्या किंकाळीची वाट बघत होते.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. लाज वाटते म्हणजे काय होतं, तर माणूस आपल्याच शरीराशी परक्यासारखं वागायला लागतं. मी शाळेत डबा उघडेनाशी झाले. बसमध्ये चढताना कुणी मागे नाही ना, ते बघायचे. स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये किती जागा आहे, हे मी सिग्नलला हात घालून मोजायला लागले. आणि शिशाने भरलेल्या बाहुलीपेक्षाही आपण जड निघालो, हे काही डोक्यातून जाईना. आरशाखालचा फोटो काढून टाकला. डिंकाचा डाग मात्र राहिला.

भावाचे फोन मी उचलले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी तो दारातच आला. हातात फळं, आजाऱ्याला आणतात तशी.

"तोडगा निघालाय," बसल्या बसल्या तो म्हणाला. "बागेत रांग सुरू होते तिथे आडोशाला एक नमुन्याची सीट ठेवणार. ज्यांना शंका असेल त्यांनी आधीच तिथे बसून बघायचं. म्हणजे वर फलाटावर असं काही होणार नाही. कुणाला कळणारही नाही."

"आणि ज्याचा दिवा लाल लागेल तो?"

"तो तिथूनच परत जाईल."

"आडोशाने."

"हो," तो म्हणाला.

मला वाटलं होतं मी भांडेन. पण माझ्या तोंडून वेगळंच निघालं. "मला एकच सांग. मामा माझ्यापेक्षा जड आहे ना?"

"बराच."

"मग त्याचा दिवा कसा लागला?"

"अगं, वजनाचा आणि त्याचा काय..." तो शिकवायच्या सुरात सुरू झाला. "जड प्रवासी लागला की आम्ही नवी बाहुली बनवत नाही. साचा एकच. त्यातच पाण्याऐवजी शिसं भरलं की..."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, मग घाईने जमिनीकडे.

"वजन वाढवलं," तो हळूच म्हणाला. "आकार तोच. सगळ्या चाचण्या... ताई, मामाला पोटच नाही."

"मी त्याच्या पोटावर थाप मारली होती."

"आणि मी हसलो होतो."

सीट चुकली होती, मी नाही. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण ठसठसत होतं ते दुसरंच. मी म्हटलं, "पाहुण्या आहेत, असं म्हणालास तू. मी ऐकलं."

त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याची लाज आधी कानांत येते. "गिऱ्हाईक उभं होतं गं. मला वाटलं, म्हणतील, याच्याच घरचं माणूस याच्या सीटमध्ये..." त्याने हातातली फळं खाली ठेवली. "मला तुझी लाज वाटली, ताई. एक मिनिटभर. तेव्हापासून मला माझी वाटतेय."

मी त्याला फळं परत नेऊ दिली नाहीत, पण अजून थांब असंही म्हटलं नाही. जाताना दारात तो म्हणाला, "हे मालकांना सांगितलं तर गाडी जाणार नाही. सगळ्या सीट परत खोलाव्या लागतील."

"आणि नाही सांगितलंस तर माझ्यासारख्या सगळ्या बाया आडोशाने घरी जातील," मी म्हटलं आणि दार लावलं.

त्याने सांगितलं. गाडी थांबली. मग त्याचा फोन आला. नवी बाहुली बनवायची आहे. खऱ्या माणसाचा साचा हवा, बसलेल्या अवस्थेतला. मापं कुणाचीही चालतील, तू नाही म्हणालीस तरी चालेल, असं तो तीनदा म्हणाला. मी नाहीच म्हणाले. रात्रभर नाहीच म्हणत होते. सकाळी बस रिकामी करून तशीच कारखान्यात गेले. आपण ज्या दांड्यापुढे हरलो त्याच्याशी पुन्हा गाठ घ्यायची माझी खोड आहे, दुसरं काय.

कारखान्यात त्या दिवशी सुट्टी नव्हती. वेल्डर, रंगारी, ऑफिसातली मंडळी, सगळे आपापलं काम करत असल्याचं दाखवत बघत होते. मी जुन्या टी-शर्टवर सीटमध्ये बसले. भाऊ गुडघ्यांवर बसून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या माझ्या पोटावरून, मांड्यांवरून लावत होता. गार लागत होतं. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले, कारण माणसांकडे बघवत नव्हतं.

मालक आले. म्हातारे, सदऱ्याच्या खिशाला चार पेनं. माझ्याकडे बघून भावाला विचारलं, "या कोण?"

मी त्याला तोंड उघडू दिलं नाही. "पाहुणी आहे," मी म्हटलं.

भावाचे हात माझ्या पोटावर तसेच थांबले. कान लाल, मान लाल, हातातली पट्टी टपटप गळत होती. वेल्डरने यंत्र बंद केलं. माझ्या मनात आलं होतं, हे बोलले की बरं वाटेल. कितीतरी दिवस ते वाक्य मी जिभेवर धार लावून ठेवलं होतं. बरं नाही वाटलं. एवढ्या लोकांत त्याला उघडा पाडल्याची मलाच लाज वाटली, आणि ढब्या म्हणणाऱ्या पोरांमध्ये आज मीही जाऊन उभी राहिले, असं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, मोठ्याने, वेल्डरलाही ऐकू जाईल असा. "माझी बहीण आहे. त्या दिवशी पुढच्या जागेवरून उतरवली ती हीच. मी ओळख दिली नाही."

मालकांनी एक स्टूल ओढलं आणि तिथेच बसून राहिले.

भाऊ पुन्हा पट्ट्या लावायला लागला. शेवटची पट्टी तो पोटावरून ताणत असताना मी सवयीने पोट आत ओढलं आणि श्वास सोडला, त्या दिवशी फलाटावर सोडला होता तसा.

त्याचे हात थांबले.

"आत नको ओढूस, ताई," तो वर न बघता म्हणाला. "जशी आहेस तशी बस."