माझ्या हातावरचे भोक

मी एक जुनी खुर्ची आहे. उठताबसता कुरकुरणारी आणि खरे सांगायचे तर आता पार थकलेली. मित्रांनो, सुताराने मला घडवले तेव्हा वाटले होते, कुणा साहेबाकडे जाईन, ऐटीत राहीन. नशिबी आली महाविद्यालयातली मार्गदर्शनाची खोली. पुढे कोणता विषय घ्यावा हे ज्यांना ठरवता येत नसे, ती मुले माझ्यावर बसायची.

ही मुले तोंडाने "काहीही चालेल" म्हणत आणि नखांनी माझ्या उजव्या हातावरचे रेक्झिन उकरत. भोक पडले, आतला फोम भुगा होऊन सांडू लागला. वर्षानुवर्षे तोच घोळ, तेच उसासे. ऐकून ऐकून माझा जीव मेटाकुटीला आला. शिपाईकाका म्हणत, "मॅडम, हिला मोडीत काढू या आता." मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम म्हणत, "राहू दे हो. माझं अर्धं काम तीच करते."

मला वाटायचे, थट्टा करतात.

मग एक मुलगी वडिलांबरोबर आली. विषय कळवायचा तो शेवटचा दिवस होता. वडील उभ्या उभ्याच म्हणाले, "वाणिज्य लिहा. पुढे माझं दुकान हिलाच बघायचंय." मुलगी मूग गिळून बसली होती. माझा फोम मात्र चिमटीचिमटीने निघत होता. मॅडम निवांतपणे एकेक विषय काढत राहिल्या. अर्थशास्त्र झाले, मानसशास्त्र झाले, बोटे चालूच. भूगर्भशास्त्राचे नाव निघाले आणि बोटे थांबली.

मॅडमही थांबल्या. त्या इतका वेळ माझ्या हाताकडेच पाहत होत्या.

"याच्यावर बोलू या का जरा?"

"दगडधोंड्यांवर?" वडील हसले. "त्यात काय बोलायचंय?"

"बाबा, रस्त्यासाठी तो डोंगर कापलाय ना, त्यातले थर मी येताजाता बघते." मुलीने मान वर केली. "दुकानात माझं मन नाही लागत."

वडील स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले.

"कसले थर?" त्यांनी विचारले.

तिने स्वतःच्या हाताने भूगर्भशास्त्र लिहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या भोकाचे वाईट वाटले नाही.

आता मॅडम निवृत्त झाल्या आणि मी जिन्याखाली पडून आहे. नव्या खुर्चीचे हात लोखंडी आहेत, त्यांना नख लागत नाही. मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, फार थकले आहे मी. पण कुणी "काहीही चालेल" म्हणाले, तर लगेच विश्वास ठेवू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.