उभ्या गाडीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे आणि मला भयंकर वैताग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना आधी जन्म, मग बालपण, मग कौतुक असा क्रम लावतात, हे मला ठाऊक आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, तिथे मला पांढरा रंग लावला, एका नवराबायकोने मला घरी आणलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक केलं. झालं बालपण! आता मुद्द्याचं ऐका.

पहिली काही वर्षं मी खूप धावले. सुट्टी असली की दोघं मला घेऊन निघायचे, रस्ता चुकायचे आणि चुकलो म्हणून हसत सुटायचे. मग टिल्ली झाली. लहानखुरी म्हणून टिल्ली. मागे बसून ती पुढच्या सीटला लाथा मारायची आणि पुढे बसायचं म्हणून भोकाड पसरायची. मी तिच्यावर रागावायचे, पण लटकंच.

पुढे आजोबांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत आला. टिल्लीची आई पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत फोनवर तक्रारी ऐकते. दिवसभर लोकांचा आरडाओरडा गोड आवाजात ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन आजोबांची कूस बदलायची. बाबा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात. 'आता नीट दिसतंय का?' असं गिऱ्हाइकांना विचारण्यात त्यांचा दिवस जातो आणि घरी आल्यावर ते भिंतीकडे बघत बसतात. फिरणं बंद झालं. मी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये खांबाशेजारी उभी राहिले ती राहिलेच. माझ्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'मला पुसा' असं लिहिलं. तेही कुणी पुसलं नाही.

अशात एका संध्याकाळी आई एकटीच खाली आली. तिने दार ओढून घेतलं, काचा वर केल्या, आतला दिवा लावला आणि डॅशबोर्डवर फोन टेकवून पडद्यावरच्या समुपदेशक बाईंशी बोलू लागली. दोन खोल्यांच्या घरात, आजोबांचे पाय थांबले तरी कान शाबूत असताना, मन मोकळं करायला दार लागणारी जागा म्हणजे मीच. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात बाबा आले. तेच दार, त्याच काचा, तोच दिवा. पडद्यावर मात्र दुसरे समुपदेशक. मग हे ठरूनच गेलं. आई घरात सांगायची, "भाजीची पिशवी गाडीत राहिली वाटतं." बाबा सांगायचे, "गाडी पुसून येतो." पुसून! मला!

आणि बोलणं काय? आई म्हणायची, "त्याला आधीच इतका ताण आहे, त्याला कुठे हे सांगू?" बाबा म्हणायचे, "तिच्या डोक्याला आणखी ताप नको." एकच सीट, एकच रडगाणं. एकदा दोघांनी मिळून बोला, असं बाईंनी सुचवलं आणि त्या दुसऱ्यांनीही सुचवलं. "त्याला वेळ नसतो हो." "तिला हे पटायचं नाही." काखेत कळसा आणि गावाला वळसा! हॉर्न वाजवून दोघांना ओरडून सांगावं असं वाटायचं, पण माझा हॉर्न माझ्या हातात नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यात बाबा उंच, आई ठेंगणी. बाबा सीट मागे ढकलायचे, आई पुढे ओढायची. गाडी जागची हललेली नाही, मग सीट कोण हलवतं, हा साधा प्रश्न या शिकल्यासवरलेल्या माणसांना पडू नये?

पण मित्रांनो, माझं खरं गाऱ्हाणं याहून मोठं आहे. एकदा टिल्ली हट्टाने आईबरोबर खाली आली आणि मागच्या सीटवर झोपली. निदान आईला तसं वाटलं. लेकीची झोप मोडू नये म्हणून तिने कानात इअरफोन घातले. बोलता बोलता ती रडायला लागली आणि म्हणाली, "कधीकधी वाटतं, मी आई व्हायलाच नको होतं." त्यावर बाईंनी काहीतरी विचारलं. आईने जोरजोरात मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. मग तिचे खांदे सैल झाले.

माझ्या आरशात टिल्लीचे डोळे टक्क उघडे होते. तिच्यापर्यंत फक्त आईचं वाक्य पोचलं होतं.

त्यानंतर मी काय ऐकावं? "टिल्ली हल्ली फार शहाणी झालीय," आई बाईंना कौतुकाने सांगते. "हट्ट नाही, रडणं नाही. तेवढंच सुख." बाबाही तेच सांगतात. अहो, सात वर्षांचं पोर एका दिवसात शहाणं होत असतं का? मी आतल्या आत करवादून गेले.

मग सुट्टीत टिल्लीला थोडे दिवस मावशीकडे ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी आजोबांजवळ शेजारच्या काकू बसल्या आणि हे तिघं खाली आले. टिल्लीची बॅग बाबांना उचलेना. आत स्वेटर होते, सगळी खेळणी होती, शाळेचा गणवेशसुद्धा होता.

"सुट्टीत गणवेश कशाला?" बाबा म्हणाले.

"असू दे रे, हौस असते मुलांना," आई म्हणाली.

हौस! मी डोक्याला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

बाबांनी किल्ली फिरवली. मी नुसती खरखरले. बॅटरी पार उतरली होती. मेकॅनिकला बोलावलं. बॉनेट उघडून तो म्हणाला, "दादा, गाडी उभी करून आतला दिवा लावून बसता का हो तुम्ही?"

"छे! मी कशाला बसू?" बाबा म्हणाले.

"मी तर इकडे फिरकतही नाही," आई म्हणाली.

"मग सीट पुढे कोण ओढतं?"

"आणि मागे कोण ढकलतं?"

मेकॅनिकने डोकं बॉनेटमध्ये आणखी खोल घातलं.

"आई मंगळवारी बसते," मागच्या सीटवरून टिल्ली म्हणाली. "बाबा शुक्रवारी बसतात. मला जिन्यातून दिवा दिसतो. भांडू नका ना. मी जातेय ना मावशीकडे. मी परत नाही येणार. मग आईला आई व्हायला नको."

आई मागचं दार उघडून टिल्लीशेजारी बसली.

"त्या दिवशी तू जागी होतीस?"

"हं."

आता ही 'तसं नव्हतं गं' म्हणून उडवून लावणार, अशी मला धास्ती वाटली. पण आई म्हणाली, "हो, मी म्हणाले तसं. फार दमले होते मी. पण बाईंनी पुढे काय विचारलं ते तुला ऐकूच आलं नाही, ते माझ्या कानात होतं. त्यांनी विचारलं, टिल्ली नकोशी झालीय का तुम्हाला? मी नाही, नाही म्हणून मान हलवली. तू आडवी होतीस, सीटच्या आडून तुला दिसली नाही ती."

टिल्लीने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"आता हलव."

आईने मान हलवली. टिल्ली म्हणाली, "अजून." आईने अजून हलवली. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं तरी ती मान हलवतच राहिली. बाबा स्टेअरिंग धरून बसले होते. मागे वळून ते म्हणाले, "तूही बसतेस इथे? मला सांगायचं नाही होय?" आई म्हणाली, "तू तरी सांगितलंस?"

मेकॅनिकने मला सुरू करून दिलं. गणवेश घरी ठेवून तिघंही मावशीकडे गेले आणि संध्याकाळी तिघंही परत आले. आता मंगळवारी तिघं एकाच फोनपुढे दाटीवाटीने बसतात, आणि मला अजून कुणी पुसलेलं नाही.

मित्रांनो, मोठ्यांचं अर्धंमुर्धं बोलणं कानावर पडलं, तर शहाण्यासारखे गप्प बसू नका. उरलेलं अर्धं हक्काने मागून घ्या. आणि मोठ्यांनो, पोर एकाएकी गुणी झालं तर पेढे वाटू नका, आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

त्या दिवशी परत येताना टिल्लीला पुढे बसायचं होतं. बसू दिलं नाही, तर तिने असं भोकाड पसरलं की सिग्नलवरची माणसं वळून पाहू लागली. आता ती रोज लाथा मारते. सीटचं कापड उसवायला लागलंय. तिला कुणी थांबवलं, तर माझ्याशी गाठ आहे.