फोनही न करता

व्यंगचित्रकार बाईंना जुन्या देशातला सेन्सॉर पाठ होता. तो अधिकारी चित्रावर बोट ठेवून सांगायचा, "ही मिशी नको, साहेबांची वाटते." शेवटी बाईंच्या नावाचं वॉरंटच निघालं, तेव्हा नवऱ्याला घेऊन त्यांनी देश सोडला.

नव्या देशात सगळा मोकळा कारभार. एकदा त्यांनी तिथल्या वृत्तपत्रासाठी एक चित्र काढलं: तडे गेलेली भिंत पाठीने रेटून धरणारं कुटुंब, आणि त्यांनाच रंगाचा डबा विकणारा बिल्डर. संपादक खूश झाले. "झकास! पण या आठवड्यात नको." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "जरा सौम्य करता येईल का?"

बाईंनी खुर्ची ओढली. "नेमकं काय खुपतंय?"

संपादकांनी चष्मा पुसला. "अर्धं पान त्या बिल्डरचीच जाहिरात असते, बाई."

"त्यांचा फोन आला?"

"छे, फोन कशाला येईल?"

"आमचा अधिकारी निदान स्वतः यायचा. तुम्ही बिल्डरचे तेवढेही कष्ट वाचवलेत." बाईंनी चित्र उचललं आणि चालू लागल्या.

घरी नवऱ्याचा चेहरा पडला. "पुन्हा बोचकी बांधायची?"

"अहो, इथे फार तर काम जाईल. माणूस जात नाही."

आधीपासून इथेच स्थायिक झालेल्या नणंदेची लॉन्ड्री भर रस्त्यावर होती. तिने चित्र काचेत लावलं. कपडे टाकायला आलेली माणसं थबकायची. "अगं, ही तर आमचीच भिंत!" म्हणत एकेकजण शेजाऱ्यांना बोलावू लागला. बिल्डरचा माणूस आला, चित्र काढा म्हणाला. नणंद इस्त्री न थांबवता म्हणाली, "तुमचा कोट शनिवारी मिळेल. चित्र नाही मिळणार."

रहिवाशांनी एकजूट केली, पालिकेत धडक मारली. तपासणीला इंजिनिअर आले आणि भिंतींना आधाराचे टेकू बसले. आता संपादकांचा फोन आला. "चित्र छापतो."

"छापा. उशीर का झाला, तेही खाली छापा."

चित्र पहिल्या पानावर आलं, पण खालची ओळ गाळलेली. बाई मनमुराद हसल्या. मग कागद पुढे ओढून त्यांनी रिकाम्या खोलीत स्वतःच्याच तोंडावर हात दाबून बसलेला एक संपादक काढला. शाई वाळल्यावर चित्र घेऊन त्या थेट कचेरीत गेल्या, टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"बोला. छापता की कारण सांगता?"